हर्णैचा समुद्र नागपुरात रंगवताना: ॲक्रिलिक की तैलरंग?

कोकणातल्या हर्णै बंदराची रेखाटने आणि छायाचित्रे सोबत आणून चित्र नागपुरात पूर्ण करायचे असेल, तर माध्यम निवडताना समुद्रापेक्षा इथल्या हवेचा विचार आधी करावा, असे मला वाटते. मी दोन्ही माध्यमांत हे चित्र केले आहे.

पाण्यात कालवायच्या आणि झटपट सुकणाऱ्या ॲक्रिलिकच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. डोलकाठ्या, दोरखंड, लिलावासाठी वाळूवर मांडलेल्या टोपल्या, मासळी आणायला पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या हे सारे एकाच बैठकीत थरावर थर देऊन रंगवता येते. टर्पेंटाइनचा वास नसतो, ही लहान घरात मोठी सोय आहे.

अडचण येते ती हर्णैसमोरच्या समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या मागे, आभाळ आणि पाणी एकमेकांत मिसळतात त्या राखाडी पट्ट्यात. हा राखाडी मी अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि टिटॅनियम व्हाइट (पांढरा) कालवून करतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला आणि कुलरचा वारा पॅलेटवर आला, की पाण्याचा फवारा मारत राहूनही रंगावर साय धरते आणि निम्म्या पट्ट्यातच तो पुन्हा कालवावा लागतो. ॲक्रिलिकमधला बाइंडर, म्हणजे रंगाचे कण बांधून ठेवणारा घटक, ओला असताना दुधाळ असतो व सुकल्यावर पारदर्शक होतो. त्यामुळे रंग सुकताना गडद होतो आणि नवा राखाडी सुकलेल्या राखाडीशी नजरेने जुळवता येत नाही. मग नेमका क्षितिजावर जोड दिसतो. रिटार्डरने, म्हणजे सुकणे लांबवणाऱ्या द्रवाने, थोडी उसंत मिळते, पण तो जास्त झाला तर थर चिकट राहतो.

तैलरंग पाणी उडून नव्हे, तर तेलाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन सुकतात. त्यामुळे संध्याकाळी कालवलेला राखाडी सकाळीही बहुधा तसाच हाती येतो. इंग्लंडमधील न्यूलिन या कोळ्यांच्या गावी चित्रकार स्टॅनहोप फोर्ब्स यांनी १८८५ साली पूर्ण केलेले किनाऱ्यावरच्या मासळी-लिलावाचे तैलचित्र पाहावे: ओल्या वाळूत आभाळाचा उजेड किती हळुवार उतरला आहे! हर्णैच्या वाळूसाठी मला तेच हवे होते.

तैलरंगात ओल्या थरावर धूळ बसते आणि व्हार्निशसाठी (वरून देण्याच्या संरक्षक लेपासाठी) काही महिने थांबावे लागते. प्रदर्शनाची तारीख जवळ असेल तर ॲक्रिलिकच बरे. एरवी मी तैलरंगच सुचवीन. मात्र विदर्भात सहज मिळते म्हणून घाण्यावरचे खाण्याचे जवस तेल त्यात घालू नये. चित्रकलेसाठी शुद्ध केलेलेच घ्यावे.