राजगड–तोरणा–रायगड की रतनगड–हरिश्चंद्रगड? पहिल्या रेंज ट्रेकआधी

पेब झाला, कलावंतीण झाला, लोहगड-विसापूर दोनदा झाले, आता रेंज ट्रेक, म्हणजे पाठीवर बिऱ्हाड घेऊन एका गडावरून दुसऱ्या गडावर सलग तीन-चार दिवस डोंगरात चालायचं आहे, असं ज्यांनी मनावर घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मुंबईतल्या ट्रेकरपुढे अशा वेळी दोन नावं हमखास येतात. एक राजगडावरून तोरण्यामार्गे रायगड, दुसरं रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगड. दोन्ही मी एकापेक्षा जास्त वेळा केले आहेत, एकदा राजगडाच्या बाजूने जाऊन फसलेही आहे.

माझं मत आधीच सांगते. पहिलाच रेंज ट्रेक असेल तर रतनगड–हरिश्चंद्रगड करा. गडांची उंची बघून ठरवू नका. तोरणा १४०३ मीटर आणि हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, म्हणजे जवळपास सारखेच. फरक पडतो तो पाण्याने, मधल्या गावांनी आणि शेवटच्या उताराने.

वाटा कशा आहेत

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापाशी सॅक पाठीवर चढवायची. प्रवरेचं पात्र ओलांडत दाट जंगलातून चढ, मग लोखंडी शिड्या, गणेश दरवाजा आणि पहिला मुक्काम रतनगडावरच्या गुहेत. सकाळी नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात जाऊन बसलात की एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी आणि दुसरीकडे अलंग-मदन-कुलंग हे तीन किल्ले दिसतात. दुसऱ्या दिवशी शिड्या उतरून कात्राबाईची खिंड ओलांडायची आणि संध्याकाळपर्यंत कुमशेत गाठायचं. तिसऱ्या दिवशी पेठेची वाडी, पाचनई करत हरिश्चंद्रगड. चौथ्या दिवशी पहाट कोकणकड्यावर काढून तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरायचं.

दुसऱ्या वाटेला गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड चढायचा, पद्मावती माचीवर रात्र. मग संजीवनी माचीच्या टोकाकडे जायचं, अळू दरवाज्याने बाहेर पडायचं आणि धारेवरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत चालत राहायचं. दुसरी रात्र मेंगाई देवीच्या देवळात. तिसऱ्या दिवशी गडाची पश्चिमेकडची बाजू उतरून गेळगाणी, हारपूडमार्गे मोहरी. चौथ्या दिवशी रायलिंगाच्या पठारावरून समोर उभा लिंगाणा बघायचा, नाळेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीने कोकणात उतरायचं आणि रायगड गाठायचा. हे तीन दिवसांतही करणारे आहेत. पहिल्या वेळी चारच धरा.

पाणी

दोन्ही ट्रेकमधला खरा फरक इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रतनगडावर टाकी आहेत, कुमशेत आणि पाचनई ही भरवस्तीची गावं आहेत, हरिश्चंद्रगडावर पाण्याची ददात नाही. थंडीत निघालात तर अडीच-तीन लिटर पाठीवर असलं की दिवस निघतो. कात्राबाईचा चढ दमवतो, पण बराचसा झाडीतून असल्यामुळे ऊन डोक्यावर बसत नाही.

तोरण्याहून मोहरीचा टप्पा या उलट. सोंडेवर सावली तुरळक, गवत वाळलेलं आणि दिवस लांबलचक. मी पहिल्यांदा गेले ते फेब्रुवारीत. निघताना तिघांत मिळून दहा लिटर होतं आणि ते पुरेल असं वाटलं होतं. दुपारी एकच्या सुमाराला माझ्या बाटलीत दोन घोट उरले होते, आणि आमच्यातला एक जण दर शंभर पावलांवर खाली बसत होता. वाटेत एक धनगराचं झाप लागलं. तिथल्या मावशींनी काही न विचारता आधी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, मग तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर मी विचारलं, विहीर कुठे आहे? त्यांनी खालच्या ओढ्याकडे बोट दाखवलं. उतरायलाच अर्धा तास लागेल इतका तो लांब होता, आणि ते पाणी त्यांनी डोक्यावरून वर आणलं होतं. त्या दिवसानंतर तोरण्यावरून मी माणशी चार लिटरच्या खाली निघत नाही. वाटेतल्या घरातलं पाणी हिशेबात धरायचं नाही, कारण ते कुणीतरी वाहून आणलेलं असतं.

टाक्याचं पाणी फडक्याने गाळून, शुद्ध करण्याचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. हे दोन्हीकडे सारखंच.

उतार आणि गुडघे

चढाने दम लागतो, उताराने पाय जातात, आणि पाठीवर बारा किलो असले की हे दुप्पट कळतं. राजगडाच्या वाटेची अडचण अशी, की सगळ्यात अवघड उतार सगळ्यात शेवटी येतो. मोहरीहून खाली कोकणात जायला बोराट्याची नाळ आणि सिंगापूरची नाळ अशा दोन वाटा प्रचलित आहेत. बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या खिंडीकडे नेते. मोठे धोंडे, घसारा, आणि नाळ संपल्यावर दरीच्या काठाने जाणारी आडवी वाट. पाठीवर मोठी सॅक असताना पहिल्या वेळी तिकडे जाऊ नका. सिंगापूरची नाळ त्या मानाने सोपी, ती खाली दापोलीत उतरवते (हे रायगड जिल्ह्यातलं छोटं गाव, रत्नागिरीतलं दापोली वेगळं). सोपी असली तरी बराच वेळ पायाखाली दगड हलतच असतो. बूट अर्धा नंबर जरी लहान असला तरी अंगठा पुढे आपटत राहतो आणि दोन दिवसांनी नख काळं पडतं. नखं निघायच्या आदल्या रात्री कापून ठेवा. आणि खाली पोचलात की रायगडाच्या चौदाशेहून अधिक पायऱ्या समोर असतात. रोपवे आहे, पण इतकं चालून आल्यावर बहुतेकांना पायांनीच वर जायचं असतं, माझंही तसंच झालं.

रतनगडाच्या बाजूला शिड्या आणि कात्राबाईपलीकडचा उतार दुसऱ्या दिवशीच, पाय ताजे असताना होऊन जातात. पाचनईची वाट सौम्य आहे. शेवटी तोलार खिंडीकडे उतरताना एक कातळटप्पा आहे, तिथे आधाराला रेलिंग आहे. त्याआधीच्या पठारावरच्या चढउताराच्या टेकड्या मात्र संपता संपत नाहीत, त्याची तयारी ठेवा. कोकणकड्यावरून नळीच्या वाटेने उतरू, असं ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणेलच. मुक्कामाची सॅक घेऊन ती वाट नको.

चुकामूक आणि माघार

रतनगडाच्या वाटेचा धोका जंगलाचा. ढोरवाटा इतक्या फुटतात की मोबाईलवर ट्रॅक असूनही पंधरा मिनिटांत कारवीत अडकायला होतं. रतनवाडीतून कुमशेतपर्यंत वाटाड्या घ्याच. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे जंगलात जाळ करायचा नाही. कुमशेतला घरगुती जेवणाची सोय होते. आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं की नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा गरम मिळतो आणि एका रात्रीचा शिधा पाठीवरून कमी होतो. आम्हा बायकांच्या ग्रुपला गावात घरी मुक्काम मिळणं ही मोठीच सोय वाटते. कुणाचा पाय मुरगळलाच तर कुमशेत किंवा पाचनईहून गाडीने राजूर गाठता येतं.

राजगड–तोरणा दरम्यान वाट मळलेली आहे आणि मध्ये डांबरी रस्ता ओलांडावा लागतो, तिथून वेल्ह्याला जाता येतं. तोरण्याहूनही बिनी दरवाज्याने सरळ वेल्ह्यात उतरता येतं. त्यापुढे मोहरीपर्यंत माघार सोपी नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मेंगाईच्या देवळात सगळ्यांचे गुडघे आणि सगळ्यांच्या बाटल्या तपासून मगच पश्चिमेकडे वळा. एकाचंही मन कच्चं असेल तर सगळ्यांनी वेल्ह्याला उतरायचं.

मग राजगडाची वाट करायचीच कशाला?

कारण ती दुसरं कुठलंही चालणं देत नाही ते देते. तोरणा हा महाराजांनी स्वराज्यात आणलेला सुरुवातीचा गड, राजगड पंचवीसेक वर्षांची राजधानी आणि रायगडावर १६७४ चा राज्याभिषेक. संजीवनीच्या टोकावर उभं राहून तोरणा समोर बघितला, मग त्या तोरण्यावरून मागे राजगड बघितला, आणि चौथ्या दिवशी घाट उतरताना देश संपून कोकण कुठे सुरू होतं ते पायांनी अनुभवलं, की राजधानी रायगडावर का नेली याचा बराच उलगडा होतो. मला तरी तो पुस्तकातून झाला नव्हता.

हरिश्चंद्रगडाचं देणं निराळं. केदारेश्वराच्या गुहेतलं छातीपर्यंतचं बर्फगार पाणी, चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब आणि तो अंतर्वक्र कोकणकडा. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३५ मध्ये इथे इंद्रवज्र, म्हणजे खालच्या ढगांवर उमटणारं गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. मला ते अजून दिसलेलं नाही, पण प्रत्येक वेळी दरीत ढग असले की मी थांबून बघते.

गर्दीचं गणित दोन्हीकडे एकच. शनिवारची रात्र राजगडावर किंवा कोकणकड्यावर येईल असं नियोजन करू नका. शक्य असेल तर रविवारी निघा. मुक्कामाचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी पायथ्याच्या गावात विचारून घ्या. दोन्ही ट्रेक नोव्हेंबर ते जानेवारीतच. पावसाळ्यात नाळ आणि कात्राबाई दोन्ही नकोत.

मुंबईहून जाणं-येणं रतनगडाचं सोपं. रात्रीच्या कसारा लोकलने जायचं आणि पुढे जीपने शेंडी, रतनवाडी. परतताना खिरेश्वरहून धरणाच्या भिंतीवरून चालत खुबी फाट्याला यायचं, तिथे कल्याणची एसटी मिळते. राजगडाला आधी पुणे, मग स्वारगेटहून पुढे, आणि परत महाडहून एसटी किंवा माणगावहून रेल्वे.

राजगडच मनात बसला असेल तर आधी एका शनिवार-रविवारी पूर्ण वजनाची सॅक घेऊन नुसता राजगड–तोरणा करा आणि वेल्ह्यात उतरा. सोमवारी ऑफिसचे जिने उतरताना कठडा धरावा लागला नाही, तर पुढच्या वर्षी रायगडापर्यंत जा.

माझी भाची या डिसेंबरात पहिल्यांदा निघतेय, रतनगडच ठरलाय. काल तिची सॅक वजनकाट्यावर ठेवली तर साडेतेरा किलो भरली. जीन्स, दुसरे बूट आणि लोणच्याची काचेची बरणी बाहेर काढली आहे, अजून अर्धा किलो कमी करायचंय.