स्लॅकचा मेसेज ट्रेलोच्या कार्डावर न्यायचाय: तीन डॉट, झॅपियर, स्वतःचा बॉट की एआय?

आमच्या ऑफिसात नऊ जण, वेबसाइटची कामं करतो, बोलणं सगळं स्लॅकवर आणि कामांचा बोर्ड ट्रेलोवर. या दोघांच्या मधे दीड वर्ष एक माणूस बसलेलं होतं. आमच्या कोऑर्डिनेटर ताई रोज संध्याकाळी साडेपाचला चहा घेऊन बसायच्या, दिवसभराचे चॅनल वरपासून खालपर्यंत वाचायच्या आणि जे जे काम वाटेल त्याचं कार्ड करायच्या. रोजचा पाऊण तास. मग भावाच्या लग्नाला त्या चार दिवस साताऱ्याला गेल्या आणि त्याच चार दिवसांत क्लायंटनं सांगितलेला जीएसटी नंबरचा बदल चॅनलमध्येच राहिला, साइट जुन्या नंबरासकट लाइव्ह गेली. चूक त्यांची नव्हती. सगळं एका माणसाच्या वाचण्यावर सोडलं होतं, हे आमचं सगळ्यांचं चुकलं.

त्यानंतर आम्ही चार प्रकार वापरून बघितले. तुम्ही आत्ता याच विचारात असाल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट. मेसेज उचलून कार्डावर टाकणं हे आता कुठलंही टूल करतं, त्यात फारसा फरक नाही. फरक पडतो तो हे काम आहे असं कोण ठरवतं यात. माणूस ठरवणार की मशीन? आणि माणूस ठरवणार असेल तर त्याला त्यासाठी किती क्लिक करावे लागणार? चारही पर्याय मी याच नजरेनं बघतोय.

सगळ्यात साधा म्हणजे तीन डॉटवाला. ट्रेलोचं स्वतःचं स्लॅक ॲप आहे, ते जोडलं की मेसेजच्या उजवीकडच्या तीन डॉटमधून तो ट्रेलोत पाठवता येतो. पैसे नाहीत, सेटिंगला दहा मिनिटं. फक्त हल्ली ट्रेलोत प्रत्येकाचा आपापला इनबॉक्स असतो आणि तिथे गेलेली गोष्ट फक्त त्या माणसाला दिसते, ती ओढून बोर्डवर टाकेपर्यंत बाकीच्यांना पत्ताच नसतो, त्यामुळे आपण नेमकं कुठे पाठवतोय ते बघून घ्या. जिरा (Jira, हेही कामं नोंदायचंच टूल) वापरत असाल तरी हीच पद्धत, तिथेही मेसेजवरून थेट इश्यू म्हणजे कामाची नोंद बनते, दोन्ही ॲटलासियनचंच आहे, ट्रेलो त्यांनी २०१७ मध्ये विकत घेतलं. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये तर हे आतच आहे, मेसेजवरून टास्क करा, ते प्लॅनरमध्ये जातं, वेगळं काही जोडायला नको.

आमच्याकडे हे तीन आठवडे चाललं आणि मग थांबलं. कारण मोबाइल. आमचे निम्मे मेसेज मीटिंगला जाता-येता, रिक्षात बसून टाकलेले, त्या वेळी मेसेज दाबून धरा, मेनू उघडा, खाली जा, बोर्ड निवडा, लिस्ट निवडा, सेव्ह करा एवढं कोणी करत नाही. नंतर करतो म्हणतात आणि राहून जातं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारी टीम असेल तर मात्र मी हेच घ्या म्हणेन, पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल.

दुसरा प्रकार इमोजीचा. मेसेजवर एक ठरावीक इमोजी ठेवली की कार्ड होतं, इतकंच. मोबाइलवर दोन टॅप. हे झॅपियर, मेक यांच्यासारख्या दोन ॲप एकमेकांना जोडणाऱ्या टूलमधून कोड न लिहिता होतं. आमच्या डोक्यात पहिल्यांदा आलेली इमोजी अंगठ्याची होती आणि ती साफ चुकली, कारण अंगठा लोक ओके म्हणून देतात, पहिल्याच दिवशी "जेवायला चला" या मेसेजची दोन कार्डं बोर्डवर आली. मग आम्ही टाचणीची म्हणजे पिनची इमोजी ठरवली, जी एरवी कोणी वापरत नाही, आणि ते आजतागायत चालू आहे.

आता खर्चाचं नीट बघा, कारण फ्री म्हणून जे दिसतं ते कधी संपतं ते आधी कळत नाही. झॅपियरच्या फ्री प्लॅनमध्ये महिन्याला १०० टास्क (टास्क म्हणजे त्यानं आपल्यासाठी केलेली एक कृती) आणि एका झॅपमध्ये, म्हणजे एका जोडणीत, दोनच पायऱ्या, म्हणजे एक ट्रिगर आणि एक कृती. इमोजी हा ट्रिगर, कार्ड बनवणं ही कृती, संपलं. कार्ड झाल्यावर त्याची लिंक परत त्याच थ्रेडमध्ये, म्हणजे त्या मेसेजखालच्या उत्तरांत, टाकायची असेल तर ती तिसरी पायरी आणि त्याला पैसे. आणि ती लिंक मला फार गरजेची वाटते. ती नसली की मेसेज टाकणाऱ्याला कळतच नाही आपलं काम नोंदलं गेलं की नाही, मग तो परत विचारतो, मग दुसरा कोणीतरी परत पिन लावतो. महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले तर १०० टास्क म्हणजे दिवसाला चार-साडेचार कार्डं. पैसे भरून लिंकची पायरी घेतली तर एका कार्डाचे दोन टास्क होतात हेही हिशोबात धरा.

मेकचं गणित वेगळं आहे, आणि इथे बरेच जण फसतात. फ्रीमध्ये महिन्याला १००० क्रेडिट, झॅपियरच्या दहापट, म्हणून सगळे तिकडे वळतात. पण तिथे ट्रिगरनं "नवीन काही आलंय का" असं नुसतं विचारलं तरी ते मोजलं जातं. पोलिंगवाला ट्रिगर दर १५ मिनिटांनी लावला तर दिवसाला ९६ वेळा विचारणा, म्हणजे एकही कार्ड न बनवता दहा-अकरा दिवसांत तुमचा महिन्याचा कोटा खलास. तेव्हा मेक घ्यायचं असेल तर इन्स्टंट म्हणजे वेबहुकवाला ट्रिगरच निवडा, तो काही घडलं तरच चालतो, मग १००० खरंच पुरतात.

तिसरा प्रकार स्वतःचा बॉट, म्हणजे पिन तीच, पण मधे झॅपियरऐवजी आपणच लिहिलेला छोटा प्रोग्राम. आम्ही शेवटी इथे थांबलो, कारण ऑफिसात कोड लिहिणारे आहेत आणि एक छोटा सर्व्हर आधीपासून चालू होता. कोड नको असेल पण सर्व्हर असेल तर एनएटएन (n8n) हे झॅपियरसारखंच टूल स्वतःच्या सर्व्हरवर टाकता येतं, तिथे टास्क मोजायची भानगड नाही. पण सर्व्हर बंद पडला, अपडेट राहिलं, टोकन (बॉटची आत शिरायची किल्ली) संपलं, तर रात्री अकराला ते बघणारा माणूस तुमच्याकडे हवा. असा माणूस नसेल तर प्लीज या रस्त्याला जाऊ नका, महिन्याचे वाचलेले पैसे एका शनिवारी पाण्यात जातात.

यातले दोन घोळ जवळून सांगतो कारण जो कोणी स्वतः लिहील तो यात अडकणारच. स्लॅक आपल्या बॉटला घटना (म्हणजे कोणी इमोजी लावली वगैरे) कळवतं तेव्हा तीन सेकंदांत "मिळाली" असं उत्तर लागतं. आमचा कोड आधी ट्रेलोत कार्ड बनवायचा आणि मग उत्तर द्यायचा. ट्रेलोकडून उत्तर यायला वेळ लागला की आम्ही तीन सेकंद चुकवायचो आणि स्लॅक तीच घटना परत पाठवायचं, लगेच एकदा, मग मिनिटानं, मग पाच मिनिटांनी. एका कामाची चार चार कार्डं, आणि दोघांनी वेगवेगळी कार्डं उचलून एकच बॅनर दोनदा बनवला. उपाय सोपा आहे, आधी उत्तर द्यायचं मग काम करायचं, आणि चॅनल अधिक मेसेजचा टाइमस्टॅम्प (त्याची नेमकी वेळ) ही जोडी नोंदून ठेवायची, तीच जोडी परत आली तर सोडून द्यायची.

दुसरा घोळ जास्त वाईट होता कारण तो दिसायचा नाही. इमोजीच्या घटनेत मेसेजचा मजकूर येतच नाही, फक्त चॅनल आणि टाइमस्टॅम्प येतो, मजकूर आपण वेगळा मागून घ्यायचा. आम्ही तो चॅनलच्या हिस्टरीतून मागायचो. पण थ्रेडमधली उत्तरं त्या हिस्टरीत नसतातच, ती वेगळ्या ठिकाणाहून मागावी लागतात, त्यामुळे कोणी थ्रेडच्या आत पिन लावली की हिस्टरी त्या वेळेच्या आधीचा चॅनलमधला भलताच मेसेज द्यायची आणि त्याचं कार्ड बनायचं. कार्ड आलं म्हणून सगळे निवांत, आत मजकूर दुसऱ्याच क्लायंटचा. आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. तयार टूल घेतलंत तरी पहिल्या दिवशी थ्रेडमधल्या मेसेजवर पिन लावून बघाच.

आणि मजकूर कार्डावर पूर्ण उतरवा, नुसती मेसेजची लिंक ठेवू नका. फ्री स्लॅकमध्ये ९० दिवसांच्या आधीचं दिसत नाही आणि वर्षापेक्षा जुनं तर कायमचं पुसलं जातं. चार महिन्यांनी क्लायंट म्हणाला "मी असं सांगितलंच नव्हतं" तर त्या लिंकवर तुम्हाला काहीच मिळणार नाही. स्क्रीनशॉटचंही तेच, स्लॅकमधल्या फाइलची लिंक लॉगिनशिवाय उघडत नाही, ती फाइल उतरवून ट्रेलोवर चढवायला लागते आणि फ्री ट्रेलोत एका फाइलला १० एमबीची मर्यादा आहे.

आता चौथा, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. एआय सगळं चॅनल वाचणार आणि स्वतःच ओळखून कार्डं बनवणार, कोणी काही करायचंच नाही. ऐकायला फार छान वाटतं आणि इंग्रजीत मुद्देसूद लिहिणाऱ्या टीमला ते बऱ्यापैकी जमतंही, हे मी मान्य करतो. पण आपण कसं लिहितो ते बघा. आमच्या चॅनलमधले एका दुपारचे मेसेज: "ते कालचं जरा बघ ना", "हो बघतो", "होऊन जाईल", "त्यांना परवाचं पण सांगून टाक". यातलं काम कुठलं? "बघतो" म्हणजे एका माणसाचा शब्द असतो, दुसऱ्याचं नुसतं ऐकलं एवढंच. क्लायंटचं "बघूया" म्हणजे बहुतेक वेळा नाही, आणि हे त्याला दोन वर्षं ओळखणाऱ्यालाच कळतं. आणि परवा! परवा म्हणजे येणारा परवा की गेलेला परवा हे क्रियापदावरून कळतं, पण चॅटमध्ये क्रियापद लिहितो कोण? "परवाचा लोगो" यावर एआयनं येणाऱ्या शनिवारची ड्यू डेट टाकली, तो लोगो मंगळवारीच देऊन झाला होता.

एकूण काय झालं, तर ताईंचा पाऊण तास वाचला नाही, फक्त कार्डं बनवण्याऐवजी त्या आता खोटी कार्डं पुसत बसल्या. आणि दुसरी गोष्ट मला मनापासून टोचली. एआयनं वाचायचं म्हणजे चॅनलमधला प्रत्येक मेसेज बाहेर जाणार. आमच्या चॅनलमध्ये क्लायंटचे होस्टिंगचे पासवर्ड होते, जे तिथे असायलाच नको होते पण होते, आणि अशी टीम आमची एकटीच नसणार. पिनच्या पद्धतीत फक्त पिन केलेलंच बाहेर जातं, तेही आपण ठरवून.

एआयचा एक वापर मात्र आम्ही ठेवला आणि तो खरंच चांगला आहे. पिन माणसानं लावायची, आणि मग फक्त त्या थ्रेडचे दहा-बारा मेसेज वाचून कार्डाचं टायटल एआयनं सुचवायचं. आधी आमच्या बोर्डवर "ते जरा करून टाक ना प्लीज" या नावाची कार्डं असायची, आता तिथे "संपर्क पानावरचा नकाशा बदलणे" असं येतं. काम आहे की नाही, कोणाचं आणि कधीपर्यंत, हे तिन्ही माणसाकडे.

व्हॉट्सॲपवर टीम असेल तर? हे खूप जणांचं असतं, दुकानं, छोटे कंत्राटदार, क्लासेस. व्हॉट्सॲप वेब चालवून ग्रुप वाचणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररी मिळतात, पण त्या अधिकृत नाहीत आणि नंबर बॅन होऊ शकतो. धंद्याच्या नंबरावर हा धोका कोणीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा कामाचा ग्रुप टेलिग्रामवर हलवणं जमत असेल तर बघा. तिथे बॉट फुकट आहे, आणि बाय डिफॉल्ट त्याला ग्रुपमधलं सगळं दिसत नाही, कमांड दिली तेवढंच दिसतं, म्हणजे एखाद्या मेसेजला रिप्लाय म्हणून कमांड टाकली की तो मेसेज बॉटला मिळतो. कमांडचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांतच लागतं, देवनागरीत चालत नाही.

ट्रेलोबद्दल एक राहिलं. फ्री वर्कस्पेसमध्ये दहाच माणसं बसतात आणि त्यात बाहेरचे पाहुणेही मोजतात. आम्ही नऊ, दोन क्लायंटना बोर्ड दाखवायचा होता, झाले अकरा. म्हणजे टूलच्या पैशांवर घासाघीस करून शेवटी बोर्डसाठीच पैसे भरावे लागले. तुमची माणसं आधी मोजून घ्या.

आणि कुठल्याही टूलला पैशांसाठी क्रेडिट कार्डाचा नंबर द्यायच्या आधी एक आठवडा काहीही न जोडता नुसती पिन लावा, सगळ्यांनी, आणि शुक्रवारी संध्याकाळी मोजा. दिवसाला चारच्या आत आल्या तर झॅपियरचं फ्री किंवा तीन डॉट पुरेत. आमच्या दिवसाला नऊ-दहा निघाल्या. आणि त्यातल्या तीन पिना ताईंच्या रोजच्या वाचनात कधीच आल्या नसत्या, कारण त्या जुन्या थ्रेडच्या तळाशी, संध्याकाळी सातनंतर लिहिलेल्या होत्या.