मास्टर सिलिंडरच्या नावाखाली १०,६०० रुपये; गळत होता ब्रेक पाइपचा नट

टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी वारंवार खाली जात होती आणि पेडलही खोल जाऊ लागले होते, म्हणून मी गाडी गॅरेजमध्ये दिली. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, बाद झाल्याचे सांगून तिथे सिलिंडरचे ६,८५०, मजुरीचे २,२००, ऑइलचे ९०० आणि ब्रेकच्या लाइनमधील हवा काढण्याचे ६५०, असे एकूण १०,६०० रुपये घेतले. बिल म्हणून वहीतला एक चिठोरा दिला. जुना सिलिंडर मागितला, तर तो भंगारात गेल्याचे सांगितले. जुना भाग ताब्यात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेस्त्री म्हणाला होता, "आतून बायपास होतंय, साहेब." संशय यायला हवा होता तो इथेच. सिलिंडरमधील रबर झिजून बायपास झाल्यास पेडल हळूहळू खाली बसते, पण ऑइल आतल्या आत फिरत राहते आणि टाकीतील पातळी घटत नाही. पातळी घटते याचा अर्थ ऑइल बाहेर जात आहे. ते सिलिंडरच्या मागच्या सीलमधून बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात, जात असेल, तर सिलिंडर सोडवताच तिथे ओल दिसते. ती मला कोणीही दाखवली नाही. परंतु "ब्रेक नसलेल्या गाडीत घरच्यांना बसवणार का?" असे विचारल्यावर कोणता माणूस वाद घालत बसेल?

गळती थांबली नाहीच. दुसऱ्या मेस्त्रीने चारही चाकांजवळचे जोड पुसून कोरडे केले, त्यांना कागद गुंडाळला आणि पेडल जोराने दाबून धरायला सांगितले. मागच्या डाव्या चाकापाशी, लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो तिथला कागद भिजला. नट सोडवला, तर त्याच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप होती! ब्रेकच्या या जोडात आटे गळती रोखत नाहीत. पाइपचे फुलवलेले तोंड बैठकीवर घट्ट बसते, त्यानेच ऑइल अडते. टेपचा उपयोग शून्य, उलट तिचे तुकडे लाइनमध्ये जाण्याचा धोका. त्यात नट इतका आवळला होता की पाइपच्या तोंडाला चीर गेली होती. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी हा जोड कधीच उघडलेला नव्हता, तेव्हा टेप त्यांनीच लावली होती. म्हणजे गळती कुठे आहे हे पहिल्या गॅरेजला ठाऊक होते, आणि तरीही सिलिंडर माझ्या माथी मारला गेला.

खराब टोक कापून, नवा नट घालून, पाइपला दुहेरी फ्लेअर करून (म्हणजे तोंड दुमडून दुपदरी फुलवून) आणि हवा काढून दुसऱ्या मेस्त्रीने १,१५० रुपये घेतले. असा नट आधी हातानेच लावावा आणि फ्लेअर नटच्या पान्याने बेताने आवळावा. साध्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात.

पोलिसांनी ही दिवाणी बाब असल्याचे सांगून परत पाठवले. परिवहन कार्यालयाच्या मते गॅरेज त्यांच्या अखत्यारीत येत नाही. ब्रेक निकामी होऊन कोणी चिरडले गेले असते, तर ते अखत्यारीत आले असते का? ग्राहक तक्रार निवारणाच्या दूरध्वनीवर पक्के बिल नसल्याचे कारण देऊन माझी तक्रार बंद करण्यात आली, यूपीआयची नोंद असतानाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. मग चोराने पावती दिली नाही, याची शिक्षा मला का? जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे मला एकाही कार्यालयाने सांगितले नाही. चिठोरा, यूपीआयची नोंद, टेप लावलेल्या नटाचे छायाचित्र आणि दुसऱ्या मेस्त्रीचा लेखी अभिप्राय जोडून मी ती तक्रार आता दाखल केली आहे.