बारावीचा प्रोजेक्ट: एस्टर की साबण?

नाशिकच्या कॉलेज रोडला क्लासला जाणाऱ्या भाचीचा परवा फोन आला. "मामा, केमिस्ट्रीच्या प्रोजेक्टला एस्टर घेऊ की साबण?" मी आधी विचारलं, जमा कधी करायचाय? निम्मा निकाल तिथेच लागतो. एस्टर एका दुपारी होतो. साबण ओतायला तासभर पुरतो, पण मुरायला चार ते सहा आठवडे हवेत.

खरं तर हे एकाच रस्त्यावरून जाणं आणि येणं आहे. ॲसिड आणि अल्कोहोल जोडून एस्टर आणि पाणी मिळतं. तेल हा ग्लिसरॉल (म्हणजेच ग्लिसरिन) या अल्कोहोलचा आणि मेदाम्लांचा, म्हणजे तेलातल्या ॲसिडांचा, एस्टर. कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) तो फोडतो, ग्लिसरिन सुटतं आणि मेदाम्लांचा सोडियम क्षार, म्हणजेच साबण, उरतो.

पण जोडणं हट्टी असतं. ॲसेटिक ॲसिड आणि एथिल अल्कोहोल सारख्या मोलमध्ये, म्हणजे रेणूंची संख्या सारखी ठेवून, घेतले, तर साधारण दोन-तृतीयांश एस्टर होऊन गाडी थांबते, कारण तयार झालेलं पाणी त्याला पुन्हा फोडत राहतं. म्हणून एक घटक जास्त घ्यायचा. तीव्र सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब वेग वाढवतात, थोडं पाणीही धरतात. साबणात ही परतीची वाट बंद असते: ॲसिडचा लगेच क्षार होतो आणि तो अल्कोहोलशी पुन्हा जुळत नाही. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा एक मुद्दा नीट सांगितला तरी पुरे.

वासाची मजा मात्र एस्टरचीच. आयसोअमाइल ॲसिटेट म्हणजे थेट केळं, मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावरचा बाम. आपल्या वाइनरीवाल्यांना विचार; वाइन बिघडली की नेलपॉलिश रिमूव्हरसारखा जो वास येतो, तो एथिल ॲसिटेटचा. परीक्षानळी गरम पाण्यात धरायची, ज्योतीवर कधीच नाही, कारण वाफ पेटते. हे काम कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांसमोरच. घरी सल्फ्युरिक ॲसिड आणलंस तर तुझी आई मला फाडून खाईल.

साबणात आकडेमोड जास्त, आणि मला तीच आवडते. 100 ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण 18.3 ग्रॅम कॉस्टिक लागतं, तेवढ्याच शेंगदाणा तेलाला 13.6. खोबरेलात 12 कार्बनचं लॉरिक ॲसिड मुख्य, म्हणून रेणू लहान आणि ग्रॅममागे संख्येने जास्त. यातून 5 टक्के कॉस्टिक कमी करायचं, म्हणजे थोडं तेल मोकळं राहून हात जळत नाहीत. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. चष्मा आणि हातमोजे हवेतच. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, त्यातून हायड्रोजन निघतो. स्टील चालेल.

शिवाय साबणाला एक प्रयोग फुकट मिळतो: गंगापूर धरणाचं नळाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी दोन बाटल्यांत घेऊन सारखा साबण हलवायचा. कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त तिथे फेस कमी, चोथा जास्त. त्यासाठी शेंगदाणा तेलाचा साबण बरा, खोबरेलाचा कठीण पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतो.

भाचीकडे सात आठवडे आहेत, साबण घे म्हणालो. डिसेंबरात आपल्याकडे खोबरेल बाटलीतच गोठतं. आधी कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळव, मगच वजन कर.