खोल समुद्रातला नवा जीव ओळखायचा कसा: शरीर बघून की डीएनएवरून?

बॅथिनोमस म्हणजे खोल समुद्रातले ते अवाढव्य आयसोपॉड (खेकडा-कोळंबीच्या मोठ्या गटातले कवचधारी प्राणी), चौदा पायांचे, नात्याने आपल्याकडे ओलसर जागी, दगडाखाली दिसणाऱ्या छोट्या करड्या वुडलाउस किड्यांच्या जवळचे. यातला बॅथिनोमस जायगँटियस 1879 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ अल्फोन्स मिल्न-एडवर्ड्सने वर्णन केला तो निव्वळ शरीर बघून, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. शेपटीच्या ढालीवरचे काटे मोजायचे, पाय, मिशा, अंगाची रुंदी बघायची आणि चित्रं काढायची. ही पद्धत आजही भारीच आहे, कारण म्युझियममधल्या जुन्या फॉर्मॅलिनच्या बरणीतल्या नमुन्यातून डीएनए काढणं अवघड जातं पण काटे मात्र शंभर वर्षांनीही मोजता येतात.

पण मग 2022 मधली बॅथिनोमस युकाटानेन्सिसची केस बघा. मेक्सिकोच्या युकाटान जवळ 2017 मध्ये सापडलेला, साधारण 26 सेंटीमीटरचा हा प्राणी जपानच्या एनोशिमा मत्स्यालयात होता आणि आधी तो जायगँटियसच वाटला होता, शेपटीवरचे काटे पण तेवढेच!! नीट बघितल्यावर अंग जास्त सडपातळ दिसलं, आणि सीओआय आणि 16एस या दोन जीन्सचं सिक्वेन्सिंग केल्यावर, म्हणजे त्यांच्यातला डीएनएचा क्रम वाचल्यावर, वेगळेपण पक्कं झालं.

मला विचाराल तर दुर्मिळ प्राण्यासाठी सुरुवात शरीरापासूनच व्हावी, कारण एखादाच नमुना हातात असतो आणि नुसत्या सिक्वेन्सवरून पुढच्या माणसाला बोटीच्या डेकवर काहीच ओळखता येत नाही. पण दिसायला इतके सारखे भाऊबंद असतील तर डीएनए हवाच, आणि त्यासाठी पायाचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायच्या आधी इथेनॉलमध्ये ठेवायलाच पाहिजे.