डाय वाचवणारा कॅमेरा घेताय? आधी त्याची लेन्स झाकून बघा

पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळवड्याच्या प्रेस शॉपवाल्यांसाठी, म्हणजे प्रेसवर पत्र्याचे भाग बनवणाऱ्यांसाठी, मुद्दाम लिहितोय. 'एआय कॅमेरा लावा, डाय (प्रेसमधला साचा) तुटणार नाही' असं सांगत एक पार्टी फिरतेय. आम्ही पावणेदोन लाख घातले. वकिलांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलंय, पण पद्धत सांगायला हरकत नाही.

आमची प्रोग्रेसिव्ह डाय आहे, म्हणजे पत्र्याची पट्टी पुढे सरकते आणि दर स्ट्रोकला टप्प्याटप्प्याने भाग तयार होतो. कधीकधी स्लग, म्हणजे भोक पाडल्यावर सुटणारा तुकडा, पंचाला (भोक पाडणाऱ्या टूलला) चिकटून वर येतो आणि पट्टीवर पडतो. पुढचा स्ट्रोक त्याच्यावर बसला की पंचाची धार उडते, नशीब वाईट असेल तर डाय प्लेटलाही तडा जातो. डाय कस्टमरची, म्हणजे टूल रूमचा खर्च आपला आणि वर बोलणी खायची तीही आपणच. कॅमेऱ्याने दर स्ट्रोकला पट्टीचा फोटो घ्यायचा, चांगल्या फोटोशी ताडायचा, काही वेगळं दिसलं तर प्रेस थांबवायची. ही कल्पना खोटी नाही. मोल्डिंगवाले साच्यात पीस अडकलाय का ते असंच बघतात.

डेमो त्यांच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये झाला, झकास. पट्टीवर स्लग ठेवला, स्क्रीन लाल, प्रेस बंद. फक्त प्रेस इंचिंगवर होती, म्हणजे थोडी थोडी सरकवत चालवलेली. आमचं काम मिनिटाला 60 स्ट्रोकवर चालतं, म्हणजे सेकंदाला एक. बसवलेला कॅमेरा निघाला साधा सीसीटीव्हीचा, सेकंदाला 25 फ्रेमचा. दोन फ्रेमच्या मधल्या 40 मिलिसेकंदांत क्रँक (प्रेसचा फिरता दांडा) 14 अंशांहून जास्त फिरतो. शिवाय चित्र नेटवर्कवरून लॅपटॉपवर यायला वेळ, क्लच-ब्रेकला थांबायला वेळ. लाल होईपर्यंत रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) खाली आलेला असायचा. खऱ्या सिस्टिममध्ये क्रँकच्या ठरावीक अंशावर कॅम स्विच किंवा एन्कोडर (क्रँकचा कोन ओळखणारं साधन) कॅमेऱ्याला फोटो घ्यायचा इशारा, म्हणजे ट्रिगर, देतो. इथे ट्रिगरची वायरच नव्हती. त्यात पट्टीवरच्या तेलाची चमक, त्यामुळे काही नसतानाही प्रेस सारखी थांबायची. ऑपरेटर वैतागले.

इथवर 'माल हलका निघाला' म्हणून गप्प बसलो असतो. तक्रार केल्यावर त्यांचा माणूस आला, 'सॉफ्टवेअर अपडेट' केलं म्हणाला आणि प्रेस एकदम सुरळीत चालू लागली. खूश होऊन राहिलेलं पेमेंटही सोडलं. पुढे पंच तुटला. रेकॉर्ड काढलं तर त्या स्ट्रोकलाही 'ओके'. मेंटेनन्सच्या पोराने कॉटन वेस्टचा बोळा लेन्सवर बांधला आणि प्रेस चालू केली. स्क्रीनवर पट्टीचा स्वच्छ फोटो, खाली हिरवं 'ओके', आकडा पुढे पळतोय! फोटो जुनाच, आकडा तेवढा प्रेसच्या काउंटरवरून येत होता. पॅनल उघडलं तर रिलेची (प्रेस थांबवणाऱ्या स्विचची) वायर स्टॉप सर्किटमधून काढून टॉवर लॅम्पला, म्हणजे मशीनवरच्या सिग्नल दिव्याला, जोडलेली. याला अपडेट म्हणत होते महाशय.

बिलावर 'कॅमेरा विथ अ‍ॅक्सेसरीज', जीएसटीचा एचएसएन कोड 8525, म्हणजे कॅमेऱ्याचा. डाय प्रोटेक्शन हा शब्द फक्त रंगीत पॅम्फ्लेटवर. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून 2019 च्या ग्राहक कायद्यात आमच्यासारखी कंपनी बसत नाही, असं वकील म्हणतात. चौकीत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 दाखवलं, तर उत्तर मिळालं, 'साहेब, हे दिवाणी आहे.' पार्टीला पाठवलेली नोटीस परत आली.

तुम्ही घेणार असाल तर डेमो स्वतःच्या डायवर, पूर्ण स्पीडला मागा. लेन्स झाकली की प्रेस थांबलीच पाहिजे. कॅमेऱ्याची पिन काढली तरीही थांबली पाहिजे, म्हणजे रिले स्टॉप सर्किटमध्येच हवी आणि सप्लाय गेला की सर्किट तुटायला हवं. हे सगळं पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहा आणि 'अपडेट' झाल्यावर पुन्हा तपासा. पेमेंटचा मोठा भाग त्यानंतरच.

आता ती पार्टी दुसऱ्या फर्मच्या नावाने कोटेशन देतेय. जीएसटी नंबर वेगळा, फोन नंबर तोच, आणि डेमोचा व्हिडिओही तोच, इंचिंगवरचा.