मराठी अक्षरपट: मृगापासून शिमग्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

लाकडी सोंगट्यांचा हा मराठी शब्दखेळ मालवणात मृगापासून शिमग्यापर्यंत, आठवड्याला दोन-तीन डाव या हिशेबाने वापरला. संच सुताराकडून करून घेतलेला आहे. खेळ उत्तम आहे, पण तो रुळतो की आठवडाभरात भांडणात विरतो हे सोंगट्यांवर अवलंबून नाही. कोणते शब्द चालतील हे आधी लिहून ठेवले आहे की नाही, यावर सगळे ठरते. म्हणून सामानाबद्दल थोडे आणि शब्दांबद्दल जास्त लिहितो आहोत.

पट इंग्रजी स्क्रॅबल या खेळासारखाच 15 × 15 घरांचा; हातातल्या सात सोंगट्यांतून पटावर आडवे-उभे शब्द जोडायचे. घर 24 मिमी, सोंगटी 22 मिमी. सोंगट्या 120: र आठ, क सात, त, ल, स, न सहा-सहा, ळ आणि ण तीन-तीन, घ, झ, ढ, छ एकेक, कोऱ्या (कोणत्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या) दोन. बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराची वेगळी सोंगटी करायची तर 34 व्यंजनांच्या 408 होतील, त्याही एकेकच. तो मार्ग सोडून द्यावा. आमच्या सोंगटीवर फक्त व्यंजन किंवा स्वर आहे. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूण यांच्या पारदर्शक चकत्या वाटीत मोकळ्या असतात, त्यांना गुण नाहीत. आ, ओ, ॲ हे अ वर चकती ठेवून होतात. जोडाक्षरातले अर्धे अक्षर स्वतःचे घर घेते, म्हणजे वल्हे तीन घरांत बसते: व, ल्, हे.

पावसाने काय केले तेही सांगायला हवे. पहिल्या सोंगट्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडभुशाच्या) होत्या. आषाढात त्यांच्या कडा फुगल्या आणि त्या घरात बसेनात. दुसऱ्या खेपेला सागवानी घेतल्या, चारही कडांना लाखेचा हात दिला, त्या अजून सरळ आहेत. चकत्या आधी पातळ फिल्मच्या होत्या. दमट हवेत त्या एकमेकींना चिकटायच्या आणि पडवीत वाऱ्याची झुळूक आली की निम्म्या उडायच्या. 1 मिमी ॲक्रिलिकच्या केल्यावर दोन्ही कटकटी संपल्या. कोरीव अक्षरे करू नका. पिशवीत हात घातल्यावर कोरी सोंगटी बोटांना कळते. शिवाय कोरताना शिरोरेषेतली फट बुजली की ध चा घ आणि भ चा म होतो. छापील अक्षर आणि ध, भ यांच्या कोपऱ्यात लाल ठिपका, एवढे पुरते.

मात्रांचा नियम हा या खेळाचा कणा आहे. पटावर बसलेल्या उघड्या व्यंजनावर नंतर चकती ठेवता येते, ठेवलेली चकती मात्र काढता किंवा बदलता येत नाही. त्यामुळे माड ची माडी होते, ताड ची ताडी, काज चा काजू. फूल ची फुले होत नाहीत, कारण दीर्घ ऊकार काढून ऱ्हस्व ठेवावा लागेल. दूध ची दुधी होत नाही तेही याच कारणाने. पहिल्या दोन महिन्यांतली निम्मी हुज्जत इथेच होती, कारण बोलताना हा फरक ऐकू येत नाही आणि समोरच्याला वाटते आपण उगाच अडवतो आहोत. याच नियमातून बचावाची चाल निघते. आडव्या माड च्या ड पासून खाली डबा लावला की ड ला कुलूप लागले. आता तिथे वेलांटी दिली तर उभा शब्द बिघडतो, माडी बंद. नवखे खेळाडू लांब शब्दाच्या मागे असतात, मुरलेले आधी उघडी व्यंजने मोजतात.

विभक्ती सुरुवातीला मोकळी ठेवली होती. ती चूक होती. घर पटावर आले की घरात, घराला, घराचा अशी रांग लागते आणि त, ल, न, च ज्याच्या हाती तो जिंकतो, शब्द माहीत असण्याला किंमतच राहत नाही. आता चालते ते एवढेच: मूळ शब्द, प्रथमेचे अनेकवचन (होड्या, बांगडे), क्रियापदाचे णे-रूप आणि एकवचनी आज्ञार्थ (कर, ऊठ). प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये बाद. रात्री, सकाळी यांसारख्या शब्दांना कोशात स्वतंत्र नोंद असेल तर मान्यता. गावांची नावे नाहीत, सणांची चालतात. सर्वांत तापलेला वाद झाला तो नारळीपौर्णिमा वर: ना, र, ळी, पौ, र्, णि, मा, हातातल्या सातही सोंगट्या. शब्द जोडून लिहायचा की तोडून, यावर डाव थांबला. शेवटी ज्याला जोडून दाखवता येईल त्याने कोशातून दाखवावे, नाहीतर दोन शब्द, असे ठरले. नियम कोरडा आहे, पण तो कोणाच्याही बाजूने झुकत नाही.

कोश कोणता, हा पुढचा प्रश्न. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1938, सात विभाग) आमच्या दृष्टीने सर्वांत योग्य, कारण त्यात प्रांतिक शब्द भरपूर आहेत आणि कुडाळ, राजापूर, गोवा अशा खुणांसह आहेत. अडचण लेखनाची. तो कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचा. त्यात न उच्चारलेले अनुस्वार आहेत, पांच, नांव असे. जुन्या लेखनात होडी ती नाव आणि माणसाचे ते नांव. आता दोन्ही नाव. म्हणून नियम असा: शब्द आहे की नाही हे दाते-कर्वे सांगतील, तो कसा लिहायचा हे 1962 चे नियम. मति नाही, मती. आणि, नि हे ऱ्हस्वच. हे दोन वाक्यांत लिहून पटाच्या मागे चिकटवा. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात दाते-कर्वे आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दोन्ही मोबाईलवर शोधता येतात, पण तिथे शोधताना जुने लेखनही टाकून पाहावे लागते. नाहीतर असलेला शब्द नाही म्हणून बाद होतो.

आता आपल्याकडचे शब्द. इंग्रजी स्पर्धांच्या कॉलिन्स यादीत रोटी, चपाती, घी चालतात. मग मालवणच्या पटावर गडगा, कुणगा, व्हाळ, रापण, चुडत, झाप कोशाच्या दारात ताटकळत का ठेवायचे? याबाबत आमचे मत पक्के आहे: किनाऱ्यावरच्या घरात किनाऱ्याचे शब्द मान्य असलेच पाहिजेत. त्यासाठी वही ठेवली. नोंद करण्याच्या अटी तीन. किमान दोन वेगळ्या गावांतल्या माणसांना तो शब्द आणि अर्थ ठाऊक हवा, नोंद अर्थासह हवी, आणि ती डाव संपल्यावरच करायची, डाव चालू असताना कधीही नाही. तिसरी अट मोडली की वही हत्यार बनते. रत्नागिरीकडचा रातांबा आणि इकडचा भिरंड, फळ एकच कोकमाचे, पण या दोन वेगळ्या नोंदी. घावन आणि घावणे दोन्ही मान्य. येवा, इलो ही मालवणी क्रियापदांची रूपे मात्र नाहीत, कारण रूपांना दार उघडले की विभक्तीचाच घोळ परत येतो.

हरकतीची पद्धत: शब्द लावून गुण सांगितले की दोन मिनिटांची वाळूघडी उलटी करायची, तेवढ्यात हरकत घ्यायची. शब्द चुकला तर सोंगट्या परत आणि पाळी गेली. हरकत चुकली तर घेणाऱ्याचे 5 गुण वजा. अमेरिकेतल्या इंग्रजी स्पर्धांत चुकीच्या हरकतीला पाळीच जाते. तो नियम घरात लावला तर आजी आणि लहान मुले हरकत घेईनाशी होतात आणि धीट माणूस काहीही खपवतो. कोश पाहणारा एकच, तो त्या डावात न खेळणारा असावा.

गुणांत एक बदल अत्यावश्यक. इंग्रजीत सातही सोंगट्या लावल्या की 50 जादा मिळतात. मराठी शब्द बहुतेक दोन ते चार अक्षरी, त्यातून विभक्ती बंद, त्यामुळे ते 50 महिनोन्महिने कोणाच्या वाट्याला येत नाहीत. पाच सोंगट्यांना 20 असे ठेवल्यावर लोक पुन्हा हातातली अक्षरे जुळवू लागले.

डावपेचात सर्वांत मोलाची सोंगटी ळ आहे. ळ ने शब्द सुरू होत नाही, ण चीही व्यवहारात तीच गत. डाव्या कडेच्या उभ्या ओळीत माळ किंवा व्हाळ लावला की त्या ळ च्या आडव्या ओळीत कडेपासून शब्द मांडता येत नाही. पुढे असताना तिप्पट गुणांच्या घराजवळची ओळ अशी बंद करता येते. ढ शेवटपर्यंत धरू नये. वाढ, ढग, गढी, ढीग यांतले जे जमेल ते मधल्या डावातच उरकावे, नाहीतर हातात उरलेले त्याचे गुण वजा होतात. दुसरा संच केला तर ट एकाने कमी करून झ दोन घेऊ, कारण झाप, झावळ, झरा, झोळी सगळ्यांना सुचतात आणि सोंगटी एकच असते.